भाच्याला आधी ऐरणीवर बसवू की कॉम्प्युटरवर?

ऐरण_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. डांबरी रस्त्याला लागून माझं लोहारकाम आणि वेल्डिंगचं दुकान आहे. आजा लोहार, बाप लोहार, मी लोहार. वखर, डवरे (पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार, काही भागांत कोळपं म्हणतात), विळे, खुरपी, कुऱ्हाडीला पाणी देणं (तापवून विझवून टणक करणं), ट्रॉलीचं वेल्डिंग, जे येईल ते करतो. प्रश्न शेवटी विचारतो. आधी काय झालं ते सांगू द्या, त्याशिवाय सल्ला नीट मिळणार नाही.

माझा भाचा यंदा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आला. पोरगा हुशार, मेहनती, व्यसन नाही. जूनमध्ये मला म्हणाला, "मामा, आपल्या डवऱ्याचं वजन कमी करून दाखवतो." मोबाइलवर एआयला त्यानं मराठीतच सांगितलं: बैलजोडीचा डवरा पाहिजे, सोयाबीनचं तास, म्हणजे ओळींमधलं अंतर, अठरा इंचाचं, माती काळी. दोन मिनिटांत मापं आली, सामानाची यादी आली. मग ते त्यानं कॉम्प्युटरवर घेतलं, कुठं किती जोर येतो ते भरलं, आणि त्या सॉफ्टवेअरनं जिथं जोर येत नाही तिथलं लोखंड आपोआप काढून टाकलं. सांगाडा झाडाच्या फांद्यांसारखा दिसायला लागला. माझा डवरा चौदा किलोचा, हा नऊ. फाइल पाठवून लेझरवर प्लेटा कापून आणल्या आणि आम्ही दोघांनी जोडल्या. इतका देखणा झाला की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून पाहत होते. मलाही अभिमान वाटला, खरं सांगतो.

जुलैत चार दिवसांची झड लागली. उघडीप झाल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकांच्या वावरात डवरा नेला. वरून वापसा आला होता, म्हणजे माती अवजार चालवण्याजोगी सुकली होती, पण खाली ओल होती. पहिले वीस पावलं छान चालला. मग पासेवर (जमिनीत शिरणाऱ्या लोखंडी पात्यावर) माती चढायला लागली, सांगाड्याच्या त्या फांद्यांमध्ये गवत अडकलं आणि डवरा तुंबला. बैल मान खाली घालून ओढत होते, पास जमिनीत न शिरता वरून घसरत होती. काकांनी बैल थांबवले, खाली वाकून बांधावरचा एक दगड उचलला आणि डवऱ्याजवळ आले. मागून पाहिलं, पुढून पाहिलं, दगड हातातच. मारायला जागा नव्हती.

ज्यांनी लाकडी डवरा धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या डवऱ्यात खोडामध्ये इसाड (बैलांकडं जाणारा लांब दांडा) बसते तिथं लाकडाची पाचर असते. माती ओली असली, डवरा जास्त लागत असला, की पाचर दगडानं इकडून ठोकायची. वाळून टणक झाली की तिकडून. बोटभर पाचर सरकली की पासेचा कोन बदलतो. दिवसातून चार वेळा बदलावा लागतो, कारण सकाळची माती दुपारी राहत नाही. मी लोखंडी डवरे करायला लागलो तेव्हा पाचर गेली, पण तिच्या जागी मी तीन भोकांची पट्टी आणि एक बोल्ट ठेवला. भाच्याच्या डवऱ्यात सगळं पक्कं वेल्ड होतं. कॉम्प्युटरला एक कोन बरोबर वाटला, त्यानं तो दिला.

दुसऱ्या तासाला पास गेल्या सालच्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) खुंटाला अडली आणि वाकली. ती साध्या प्लेटीची होती. आम्ही पास ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून (स्प्रिंगच्या पट्टीतून) काढतो, ठोकतो, पाणी देतो.

रात्री पोरगा जेवला नाही. म्हणाला, "मामा, मी सगळं सांगितलं होतं. तास सांगितलं, माती सांगितली, बैल सांगितले." मी म्हटलं, वापसा सांगितला होता का? तो गप्प. वापसा त्याला शब्द म्हणून माहीत होता. पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ दाबून पाहिलेलं नव्हतं.

आता प्रश्न. त्याला इथंच राहून डिझाइनचं काम करायचं आहे आणि मला ते मनापासून पाहिजे आहे. मी म्हणतो, आधी दोन वर्षं ऐरणीवर बस. माझी बहीण म्हणते, "घण मारायचा नाही म्हणूनच त्याले शिकवला, आता पुन्हा भात्यापाशी बसवतं का?" तिचंही चूक नाही. आमच्या बापाचे खांदे पन्नाशीत गेले होते. मशीन दोन मिनिटांत नकाशा काढते अशा दिवसांत पोराच्या हातून काय काय करून घ्यावं, किती दिवस, आणि कुठून सुरुवात करावी? अनुभव असेल त्यांनी लिहा.

---

वाशिमचा_चाकणला

दादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी गाड्यांच्या सुट्या भागांचं डिझाइन करतो, रोज हीच सॉफ्टवेअरं वापरतो, म्हणून सांगतो: भाच्याचं सॉफ्टवेअर चुकलं नाही. जोर येत नाही तिथलं लोखंड काढ असं त्याला सांगितलं होतं, ते त्यानं केलं. चिखल त्याच्या हिशेबात फक्त जोर म्हणून आला. तो चिकटतो हे कोणी भरलंच नाही. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोखंडाला धरून बसते. गवताला निसटायला मोकळी जागा लागते हेही कुठं लिहिलेलं नव्हतं. जी जागा त्याला रिकामी आणि फुकट वाटली, ती तुमच्या आजानं मुद्दाम सोडलेली होती.

मी आयटीआय फिटर करून मग डिप्लोमा केला. पहिले काही महिने आम्हाला कानस देऊन लोखंडाचा चौकोनी तुकडा घासायला लावला होता. घासायचा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायचा, खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घास. तेव्हा फार राग यायचा. आज मी कुठलंही ड्रॉइंग उघडलं की पहिली नजर जाते ती 'इथं पाना कुठून शिरेल' याच्याकडे. माझ्यासोबतच्या डिग्रीवाल्या पोरांना हे दिसायला दोन-तीन वर्षं लागतात. आणि आता तर एआय एका दुपारी वीस ड्रॉइंग देते. त्यातलं कोणतं फेकायचं हे ठरवणं एवढंच आमचं काम उरलं आहे, आणि ते कानशीवर शिकलेला माणूस पटकन करतो.

पण दोन वर्षं नको. एक हंगाम पुरे. प्रत्येक वस्तू एकदा त्यानं एकट्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावी. तुम्ही जवळ बसा, हात लावू नका. आणि लेझर कटिंग सोडायला लावू नका. एका प्लेटीत जास्तीत जास्त तुकडे कसे बसवायचे हे कॉम्प्युटर आपल्यापेक्षा चांगलं करतो. वाया जाणारं लोखंड वाचतं, तुमच्या दुकानाला त्याचा खरा फायदा आहे.

---

मानवेल

दादा, मी चंद्रपूरकडची. बांबूचं काम करते. माहेरी सूप-टोपल्यांचं काम होतं, नंतर चिचपल्लीच्या बांबू केंद्रात प्रशिक्षण घेतलं. तुमची गोष्ट वाचून माझी आठवली म्हणून लिहिते.

मागच्या दिवाळीआधी एका गिऱ्हाइकानं मला टोपलीचा फोटो पाठवला. लग्नात देण्यासाठी अशा पन्नास पाहिजेत म्हणे. फोटो खूप सुंदर होता. मी खिडकीपाशी बसून मोठा करून पाहिला. एक कामटी दोन कामट्यांच्या वरून जाते, तिसरीच्या खाली शिरते आणि पलीकडे बाहेर येतच नाही. तिथंच संपते. दुसरीकडे एक कामटी मधूनच सुरू होते. बुडाकडच्या उभ्या कामट्या मोजल्या, सोळा निघाल्या. काठाकडं मोजल्या, एकोणीस. एकाच बेळानं (विणायच्या आडव्या पट्टीनं) गोल गोल विणत वर जायचं असेल तर उभ्या कामट्या विषम लागतात, नाहीतर दुसऱ्या फेरीला बेळ पुन्हा त्याच कामटीच्या वर येतं आणि वीण बसतच नाही. हे आम्हाला कोणी गणित म्हणून शिकवलं नाही. आठ-नऊ वर्षांची असताना चुकलं की आई उसवायला लावायची.

तो फोटो एआयनं बनवलेला होता. गिऱ्हाइकाला मी फोन करून सांगितलं की अशी टोपली होत नाही. ते म्हणाले, फोटोत तर झालेली दिसते. मी मग जवळात जवळची एक विणून पाठवली, आणि काठाला त्या फोटोसारखी वेणी घातली, कारण ती वेणी खरंच छान सुचलेली होती. ऑर्डर मिळाली, पन्नासच्या ऐवजी तीसची.

तुमच्या भाच्याला एक काम द्या. माल ओळखायचं. आमच्याकडं मानवेल आणि कटांग दोन्ही बांबू असतात. मानवेल भरीव, कटांग मोठा, पोकळ, काटेरी. एका वर्षाचा कोवळा बांबू तोडला तर वस्तू सुकताना आक्रसते आणि त्याला भुंगा लवकर लागतो. तीन वर्षांचा बांबू कोयत्यानं फोडताना आवाज वेगळा येतो आणि चीर सरळ पेरातून उतरते. कोवळा असला तर चीर एका बाजूला पळते. मग जाड बाजूकडं वाकवत वाकवत तिला परत मध्यावर आणावं लागतं. ते अंगठ्याला कळतं. लोखंडातही असं काही असेलच. ते आधी शिकवा.

---

पऱ्हाटी

मी शेतकरी बाई आहे, राळेगावकडची. सगळ्यांचं वाचलं. मला एक गोष्ट खटकली, ती लिहिते, राग मानू नका.

हातानं काम करणं म्हणजे आपोआप चांगलं, असं कोणी समजू नये. निंदण मी वीस वर्षं केलं. दिवसभर वाकून बसायचं, रात्री कंबर सरळ होत नाही. माझ्या सासूच्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. एखाद्या मशीननं हे काम कमी केलं तर मी त्या मशीनच्या पाया पडेन. भाऊंच्या बहिणीला भात्याची भीती वाटते ती मला समजते.

दुसरं. तुम्ही लोहार लोक पिढ्यान् पिढ्या हातानं करता, मातीची सगळी माहिती तुम्हाला आहे, मग बाईच्या हाताचं माप अजून तुमच्या दुकानात का आलं नाही? आमच्याकडं सायकल-डवरा आहे. पुढं सायकलचं चाक, मागं पास, दोन मुठी, ढकलत न्यायचा. बैल नसलेल्यांना तो फार उपयोगी आहे आणि आमच्याकडं बहुतेक बायाच तो चालवतात. पण मुठी पुरुषाच्या उंचीला लावलेल्या. मी पाच फुटाला थोडी कमी. हात खांद्यापर्यंत वर धरून ढकलावं लागतं, जोर पासेवर येतच नाही. चार तासांत मनगट सुजतं. मी मुठीला ट्यूब गुंडाळली, चाकातली हवा कमी करून पाहिली, काही झालं नाही. दुकानात सांगितलं तर म्हणाले, सगळे असेच नेतात.

तुमच्या भाच्याला माझ्याकडून हे काम द्या. आधी त्यानं स्वतः एक एकर सायकल-डवरा ढकलावा, भर उन्हात. मग पाच बायांची मापं घ्यावी. मग खुशाल कॉम्प्युटरवर बसावं. त्याला बाईची उंची सांगितली तर कॉम्प्युटर ऐकेल, माझ्या गावच्या दुकानदारानं ऐकलं नाही.

---

मास्तर_सेलू

पऱ्हाटीताईंशी शंभर टक्के सहमत. मी वर्धा जिल्ह्यात शिक्षक आहे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, त्यानंतर झाकीर हुसेन समितीनं नई तालीमचा आराखडा केला. त्यात हस्तकला हा वेगळा तास म्हणून नव्हता. टकळीवर सूत काढता काढता मोजमाप, कापसापासून भूगोल, असं सगळं शिकणं हाताच्या कामातून न्यायचं होतं. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेती, स्वयंपाक, सूतकताई करतात. इच्छा असेल तर भाच्याला घेऊन या. वर्ध्यात मगन संग्रहालयही आहे, 1938 साली सुरू झालेलं, तिथं ग्रामोद्योगाची जुनी अवजारं आणि चरखे पाहायला मिळतात.

माझा अनुभव छोटा आहे. आमच्या शाळेत थ्रीडी प्रिंटर आला. मुलं आनंदानं वेडी झाली. एका मुलीनं घरच्या खिडकीचा तुटलेला खटका मोजून हुबेहूब छापला, बसवला, सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. हे मार्चमधलं. मे महिन्यात ती तो खटका घेऊन आली. मेणबत्तीसारखा वाकलेला. घराला टिनाचं छप्पर, खिडकी पश्चिमेची, वर टिन तापलेलं. आमच्या प्रिंटरमधलं प्लास्टिक साठेक अंशांला मऊ पडायला लागतं, हे मी फळ्यावर लिहून दिलेलं होतं. तिनं वहीत उतरवलंही होतं. पण वाकलेला खटका हातात घेतल्यावर तिनं मला विचारलं, "सर, आमच्या टिनाचं तापमान कसं मोजायचं?" पुढचे आठ दिवस आम्ही तेच केलं. दुपारी दोन वाजता टिन, कवेलू, सिमेंटचा स्लॅब, कडुनिंबाखालची जमीन. शेवटी तिनं खटका सागवानाच्या तुकड्यातून कोरला. मापं मात्र त्या कॉम्प्युटरच्याच फाइलमधून घेतली.

म्हणून माझं मत, आधी हे की आधी ते असा क्रम लावू नका. एकाच आठवड्यात दोन्ही असू द्या. भाच्यानं जे काढलं ते त्यानंच केलं पाहिजे आणि त्यानंच वापरलं पाहिजे, एवढा एक नियम ठेवा.

---

ऐरण_दारव्हा

सगळ्यांचे आभार. उशीर झाला लिहायला, कामाचे दिवस आहेत.

पऱ्हाटीताई, तुमचं वाचून मी दुकानातले सगळे सायकल-डवरे बाहेर काढून पाहिले. सगळ्यांच्या मुठी एकाच उंचीला. ते माप माझंच आहे. मी उभा राहून धरलं तेव्हा बरोबर आलं, तेच वीस वर्षं चाललं. याचं मला वाईट वाटतं. घरात बायको, बहीण, दोघी वावरात जातात आणि कधी विचारलं नाही.

भाच्याला मी तुमचं लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो बहिणीच्या वावरात सायकल-डवरा घेऊन गेला. एकर नाही झाला, अर्धा झाला, तळहाताला फोड आले. संध्याकाळी त्यानं सुतळी घेतली आणि सात बायांची जमिनीपासून कोपरापर्यंतची मापं काढली, प्रत्येकीच्या नावानं सुतळीला गाठ. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या गाठीत पाच बोटांचं अंतर निघालं. मग कॉम्प्युटरवर बसला. आता मुठीच्या दांड्याला चार भोकं आहेत, बोल्ट काढून वर-खाली करता येतो. पाना लागू नये म्हणून बोल्टाला त्यानं हातानं फिरवायचा कानाचा नट घातला, ते माझ्या डोक्यात आलं नसतं. बहिणीनं पहिला तास मारला, काही बोलली नाही, दुसराही मारला.

ऐरणीवरचं कामही सुरू केलं आहे. वाशिमच्या भाऊंनी सांगितलं तसं मी हात लावत नाही, फक्त बसतो. पहिली पास त्यानं कमानपाट्यातून काढली. तापवली आणि रंग समजावा म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घेतला, नंतर पाहायला. त्यात एक गंमत कळली. भट्टीत लोखंड गडद लाल होतं, मोबाइलमध्ये ते नारिंगी-पिवळं दिसत होतं. कॅमेरा अंधार पाहून आपल्या मनानं उजेड आणि रंग बदलतो. त्याच रंगावर त्यानं दुसऱ्यांदा बेत ठरवला असता तर पास जळाली असती. तेव्हा मी त्याला सांगितलं की आमचा बाप भट्टीपाशी सकाळीसुद्धा पोत्याचा पडदा का सोडायचा. उन्हात लाल रंग दिसत नाही, काळोखात लवकर दिसतो, म्हणून रोज सारखाच अंधार पाहिजे. त्यानं त्यावर स्वतःहून एक गोष्ट जोडली, जी मला माहीत नव्हती. लोखंडाला चुंबक लावून पाहायचं. पुरेसं तापलं की चुंबक धरत नाही. स्पीकरमधलं जुनं चुंबक त्यानं सळईच्या टोकाला बांधलं आहे. चुंबक सुटलं त्या वेळी मी रंग पाहिला. आमच्या बापाचा रंग तोच होता. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पास मात्र तडकली. घाईत पाण्यात बुडवली. कमानपाट्याला तेल लागतं, हे त्याला डिप्लोम्यात शिकवलेलं होतं. तडक केसासारखी, धारेपासून आत अंगठ्याच्या पेराएवढी. ठोकल्यावर आवाज फुटका येतो. त्यानं ती भिंतीला टांगली आहे. दुसरी तेलात दिली, मग भट्टीच्या कडेला ठेवून निळसर रंग येईपर्यंत तिचा टणकपणा थोडा उतरवला. ती काकांच्या वावरात चालू आहे, पऱ्हाटीच्या खुंटाला दोनदा लागली, सरळ आहे.

बैलाच्या डवऱ्याचा नवा नकाशाही त्यानं काढला. फांद्या काढून टाकल्या, गवताला जागा सोडली, तीन भोकांची पट्टी ठेवली. वजन अकरा किलो आलं आहे. नऊ झालं नाही, पण माझे चौदा होते. लेझरवर अजून पाठवला नाही. आधी भंगारातल्या लोखंडाचा एक कच्चा करून वावरात फिरवू म्हणतो.

मानवेलताई, माल ओळखायचं तुम्ही लिहिलं ते धरून आम्ही रविवारी भंगारात गेलो. कमानपाटा आणि साधी पट्टी दोन्ही ग्राइंडरला लावून ठिणग्या कशा वेगळ्या उडतात ते दाखवलं. कमानपाट्याच्या ठिणग्या दाट येतात आणि टोकाला फुटतात. आता तो दुकानात येणारं प्रत्येक लोखंड आधी ग्राइंडरला लावतो.

बहिणीशी असं ठरलं की दिवाळीपर्यंत सकाळी भट्टी, दुपारनंतर कॉम्प्युटर, आणि मोठा घण मीच मारायचा. मास्तर, पोळा झाला की सेवाग्रामला येतो, मगन संग्रहालय मलाही पाहायचं आहे.

पऱ्हाटीताई, एक राहिलं. मुठीची जाडी किती ठेवू? बाजारात दीड इंची पाइप मिळतो, आम्ही तोच लावतो. भाचा म्हणतो बायांना सव्वा इंची पाहिजे. तुमच्या मुठीत काय बसतं ते सुतळीनं मोजून कळवा, पाइप अजून कापला नाही.